यकृताचं ‘उच्छेदन’ नको, ‘छेदन’ म्हणा

नेरूळच्या एका वाचकांनी विचारलंय: ‘थोरल्या भावाच्या यकृतात उजवीकडे गाठ आहे. फाइलवर “राइट हिपॅटेक्टमी” लिहिलंय आणि मराठी संमतिपत्रावर “यकृत-उच्छेदन”. आई ते वाचून हबकली, अख्खं लिव्हर काढतात की काय म्हणून. हा शब्द बरोबर आहे का?’

आईंना मराठी उत्तम कळतं, म्हणूनच त्या हबकल्या. आपल्याकडे उच्छेद शत्रूचा होतो, अनिष्ट रूढींचा होतो, म्हणजे मुळापासून नायनाट. हिपॅटेक्टमीतल्या ग्रीक ‘एक्टमी’मध्ये ‘बाहेर’ आणि ‘कापणं’ असे दोन तुकडे आहेत. त्यातल्या ‘बाहेर’साठी संस्कृत ‘उत्’ हा उपसर्ग छेदनाला जोडला की उच्छेदन तयार होतं. व्युत्पत्तीने चोख, पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटच्या हातात द्यायच्या लायकीचं नाही.

घोटाळ्याला आणखी एक कारण आहे. अपेंडिक्स काढलं, पित्ताशय काढलं, किंवा बायका म्हणतात तशी ‘पिशवी काढली’ की तो अवयव सहसा पूर्णच गेलेला असतो. यकृताचं तसं नाही. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही, त्यामुळे ते सबंध काढतात ते प्रत्यारोपणात, जागेवर दुसरं बसवायचं असतं तेव्हा. एरवी हिपॅटेक्टमी म्हणजे एखादा भाग काढणं, हे डॉक्टर मंडळी न बोलता गृहीत धरतात. मराठीत ते बोलूनच दाखवायला हवं.

किती भाग, हे ‘राइट’मध्ये आहे. क्लोद क्विनो या फ्रेंच शल्यविशारदांनी १९५७ साली आतल्या रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून यकृताचे आठ विभाग मांडले. राइट हिपॅटेक्टमीत त्यातले पाच ते आठ जातात. वजनाने बहुधा हा निम्म्याहून मोठा वाटा. तरीही बाकीचं यकृत निरोगी असेल तर पंचवीस ते तीस टक्के उरलं तरी सर्वसाधारणपणे निभावतं, आणि पुढच्या काही आठवड्यांत-महिन्यांत ते वाढतं. ‘लिव्हर परत उगवतं’ असं सर्रास म्हणतात ते मात्र अर्धंच खरं. कापलेला खंड पुन्हा फुटत नाही, उरलेला मोठा होऊन कामाचा भार उचलतो. तुमच्या भावाच्या बाबतीत किती उरणार, हा प्रश्न सर्जनना सरळ विचारा.

आता शब्द. सुश्रुताने शस्त्रकर्मं आठ सांगितली, त्यांत छेदन आणि भेदन ही दोन वेगळी आहेत. छेदन म्हणजे कापून वेगळं काढणं, भेदन म्हणजे चीर देऊन उघडणं. ‘एक्टमी’ला छेदन आणि ‘ऑटमी’ला भेदन, इतकी नेमकी जोडी घरात असताना ‘उत्’ची उसनवारी कशाला? माझं मत: कागदावर ‘आंशिक यकृतछेदन (उजवा खंड)’ लिहावं आणि तोंडाने ‘यकृताचा उजवा भाग काढायचं ऑपरेशन’ म्हणावं. ‘लोब’साठी ‘पाळी’ हा शब्दही आहे, कानाच्या पाळीतला. पण दवाखान्यात पाळी म्हटलं की ऐकणारा भलतंच समजेल, तेव्हा खंडच बरा.

‘काळीज’ का नको, असंही कोणी विचारेल. ठाण्यात रविवारी मटणाच्या रांगेत उभे राहा. ‘पाव किलो काळीज वेगळं द्या’ म्हटलं तर कसाई लिव्हरच देतो, हृदय हवं तर ‘दिल’ मागावं लागतं. म्हणजे शरीरशास्त्राच्या बाजूने दुकानदार बरोबर आहे. पण आपलं काळीज धडधडतं, पिळवटतं, त्याला घरं पडतात. भाषेने त्याला केव्हाच छातीत नेऊन बसवलंय. ‘काळीज काढणार’ हे वाक्य आईंना उच्छेदनापेक्षा भयंकर वाटेल.

गंमत अशी की यकृत आणि हिपॅटेक्टमीतलं ‘हिपॅट’ हे सख्खे भाऊ आहेत. संस्कृत यकृत्, ग्रीक हेपार आणि लॅटिन येकुर या तिन्ही शब्दांचा पूर्वज एकच. हिपॅटायटिसही त्याच घराण्यातला.

जाता जाता, ‘यकृतचे आजार’ अशा पाट्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हमखास दिसतात. मराठीत सामान्यरूप होतं: यकृताचे आजार, यकृताला सूज.