परत आल्याचा आनंद का होत नाही?

परदेशात बरेच महिने राहून परतलेली माणसं माझ्याकडे येतात ती बहुधा वेगळीच तक्रार घेऊन. झोप लागत नाही, चिडचिड होते, कामात लक्ष नाही. खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येते, कारण ती सांगायची लाज वाटते: घरी आल्याचा आनंदच झालेला नाही. परतीच्या तारखेकडे डोळे लावून बसलो होतो, आणि आता इथे मन लागत नाही. म्हणजे आपण घरच्यांपासून तुटलो का? की आपल्याच डोक्यात काही बिघडलंय?

ज्या बाईंबद्दल लिहिते आहे, त्यांनी हे पहिल्याच भेटीत बोलून टाकलं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची संमती आहे.) वय पन्नाशीच्या आतबाहेर. कंपनीने एका कामासाठी जवळजवळ वर्षभर परदेशी पाठवलं होतं. घरी नवरा, शाळकरी मुलगा आणि सासूबाई. परतून दीड महिना झाला होता. "विमानतळावर सगळे आले होते. मी रडले वगैरे. पण गाडीत बसल्यावर वाटलं, मी पाहुणी म्हणून आलेय. जाईल हे, म्हणून वाट बघितली. जातच नाहीये."

आधी झोपेचं बघितलं. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. "अजून जेट लॅगच असेल ना?" असं त्यांनी आशेने विचारलं. बहुतेक माणसांचं शरीरातलं घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्यामुळे उशिरा झोपणं सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. पूर्वेकडचा प्रवास म्हणूनच अधिक जड जातो, आणि त्या पूर्वेकडेच आल्या होत्या. पण ढोबळ हिशेब एका टाइम झोनला साधारण एक दिवस असा आहे. दहा टाइम झोन ओलांडले तरी दोनेक आठवड्यांत घडी बसते. दीड महिन्यानंतरचं खापर विमानावर फोडता येत नाही.

त्यांचा फोन टेबलावरच होता. पडद्यावर दोन घड्याळं, आणि वरचं तिकडचं. तीनला जाग आली की हात फोनकडे जायचा. तिकडे तेव्हा ऑफिस सुटायची वेळ, जुन्या सहकाऱ्यांचा ग्रुप रंगात आलेला. त्या तासभर त्यात असायच्या, मग जुने फोटो, मग पहाट. शरीराला इथल्या वेळेवर यायला त्या जागाच ठेवत नव्हत्या. तिकडचं घड्याळ पडद्यावरून काढलं, ग्रुपवरच्या गप्पा संध्याकाळवर आणल्या, उठायची वेळ रोज एकच ठरवली, उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात. पंधरा-वीस दिवसांत झोप बरीच सुधारली. मन मात्र होतं तिथेच होतं.

हे नैराश्य तर नाही ना, ते तपासणं माझं कामच आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्याच्या जोडीला भूक, झोप, एकाग्रता बिघडणं, स्वतःबद्दल नालायकपणाची भावना, मरणाचे विचार, असं दोन आठवडे चाललं तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते, त्यात वेळ घालवत नाही. यांचं तसं नव्हतं. कामात रस होता, मैत्रिणीबरोबर हसणं-खिदळणं व्हायचं. घराच्या दारात पाऊल टाकलं की मन कोमेजायचं. मोठ्या बदलानंतर असं होणं ओळखीचं आहे. ते प्रमाणाबाहेर गेलं, रोजचं जगणं अडू लागलं, तर त्याला समायोजन विकार म्हणतात. बहुधा बदलानंतर महिन्याभरात तो डोकं वर काढतो, आणि ताणाचं कारण टळलं की सहसा सहा महिन्यांत ओसरतो. यांच्या बाबतीत ते नाव लावायची गरज मला वाटली नाही.

अशा वेळी मी एक आलेख दाखवते. 1955 मध्ये स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून आलेल्या नॉर्वेच्या लोकांच्या मुलाखतींवरून मांडलं, की परक्या देशात सुरुवातीचा उत्साह, मग घसरण, मग सावरणं असा क्रम दिसतो, इंग्रजी यू अक्षरासारखा. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला दुसरा यू जोडून डब्ल्यू केला: घरी परतल्यावर तीच घसरण पुन्हा. नंतरच्या अभ्यासांत हे अक्षर सगळ्यांना जसंच्या तसं लागू पडलेलं नाही, त्यामुळे मी ते वेळापत्रक म्हणून दाखवत नाही. पण "असं होतं" हे कागदावर दिसलं की माणसाचे खांदे खाली येतात. यांचेही आले.

त्याहून मला पटतं ते आल्फ्रेड शुट्झचं म्हणणं. नाझींच्या काळात ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेत गेलेला हा समाजशास्त्रज्ञ. युद्धावरून सैनिक परतत होते त्या 1945 सालात त्याने घरी परतणाऱ्या माणसावर एक निबंध लिहिला. त्यातला मुद्दा साधा आहे. परक्या ठिकाणी जाणारा माणूस अनोळखीपणाची तयारी ठेवून जातो. परतणारा तशी तयारी ठेवत नाही. आपण सोडलं तिथूनच सगळं पुढे सुरू होईल, असं तो धरून चालतो. पण मधल्या काळात तोही बदललेला असतो आणि घरही.

बाईंना मी आठवडाभर एक काम दिलं. तिकडची आठवण आली की त्या क्षणी नेमकी कशाची आली आणि किती वाजता, एवढंच लिहायचं. वही घेऊन आल्या तेव्हा त्याच चकित होत्या. स्वच्छ रस्ते, बर्फ, बागा यांतलं फारसं काहीच त्यात नव्हतं. "सहा वाजता ऑफिसातून खोलीवर चालत जाणं. कुणी वाट बघत नसायचं." "रविवारी सकाळी हाक नाही." "काय खायचं हे एकटीसाठी ठरवणं." पानामागून पान हेच. देश असा त्यात नव्हताच. त्या वर्षभरात त्या कुणाची आई, बायको, सून म्हणून दिवस काढत नव्हत्या, आणि ते त्यांना आवडलं होतं. आवडलं याचीच तर लाज वाटत होती. मी म्हटलं, रस्ते-बागा इथे आणता येणार नाहीत, पण संध्याकाळचा अर्धा तास आणता येईल का? त्यावर त्या पटकन म्हणाल्या, "यांना नाही आवडायचं."

मग पुढच्या भेटीला नवऱ्यालाही बोलावलं. तो बराच वेळ गप्पच होता. मग बोलला ते ड्रॉवरबद्दल. "मी वर्षभर घर चालवलं. आईच्या गोळ्यांचा डबा फ्रिजवरून काढून तिच्या पलंगाशी ठेवला, कारण तिला उठवत नाही. बिलं एका ड्रॉवरमध्ये तारखेप्रमाणे लावली. हिने आल्या आल्या दुसऱ्या दिवशी काय केलं? सगळं होतं तिथे परत ठेवलं. डबासुद्धा."

बाई म्हणाल्या, "मला काही सापडतच नव्हतं. स्वतःच्या घरात कात्री कुठे आहे ते मुलाला विचारायचं? आणि तो सहीसुद्धा यांच्याकडेच मागतो, मी समोर असताना."

मी नवऱ्याला विचारलं, तुमचं वर्ष कसं गेलं, हे कुणी विचारलंय का? त्याने बायकोकडे पाहिलं. कुणीच विचारलं नव्हतं. फोटो तिचे पाहिले गेले, किस्से तिचे ऐकले गेले, तेही दोन-चार दिवसच. तिला वाटायचं, माझं ऐकून घेत नाहीत. त्याला वाटायचं, माझं तर कुणी विचारतच नाही. परतल्यानंतरच्या कुरबुरींत ही गाठ मला सर्रास दिसते. गेलेल्या माणसाचा प्रवास सगळ्यांना दिसतो. मागे राहिलेलाही त्याच वर्षात कुठल्या कुठे गेलेला असतो, पण त्याला स्टेशनवर घ्यायला कुणी येत नाही. त्या तासात तो बोलला आणि ती ऐकत राहिली. सासूबाई एकदा रात्री पडल्या होत्या आणि उगाच काळजी नको म्हणून तिला कळवलं नव्हतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ती रागावली, मग रडली. मी मध्ये पडले नाही.

ठरलं ते फार मोठं नव्हतं. गोळ्यांचा डबा पलंगाशीच राहणार. बिलं त्याच्याकडेच. स्वयंपाकघरातली मांडणी तिची, पण एका दिवसात नाही आणि विचारून. ऑफिसातून येताना अलीकडेच उतरून ती चालत येणार, आणि त्या वेळात घरून फोन करायचा नाही. नवऱ्याला हे शेवटचं पटलं नव्हतं, पण महिनाभर करून बघायला तो तयार झाला. मुलाच्या सहीबाबत मी काही सुचवलं नाही. मुलं ज्याच्या हाताची सवय असते त्याच्याकडे जातात, आणि सवय बदलायला महिने लागतात. ते खुपणार हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

ऑफिसचंही थोडं सांगायला हवं. "तिकडे आम्ही असं करायचो" हे वाक्य मीटिंगमध्ये आलं की लोक एकमेकांकडे बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. शिकून आलेलं वापरायला हरकत काहीच नाही. फक्त तिकडचं नाव न घेता सुचवलं तर लोक ऐकतात, असं मी म्हटलं. हे त्यांना तिथल्या तिथे पटलं.

परदेशी कायमची बदली मागणारा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता. परतल्यावर पहिल्या सहा महिन्यांत नोकरी, घर किंवा नातं यांबद्दलचा मोठा निर्णय शक्यतो नको, असं मी बहुतेकांना सांगते, कारण त्या दिवसांत इथलं सगळं खुपतं आणि तिकडचं सगळं गोड वाटतं. तिकडच्या पहिल्या दोन महिन्यांत काय लिहीत होतात, तेही एकदा वाचा, एवढंच सुचवलं. त्यांनी नवऱ्याला तेव्हा पाठवलेले मेसेज काढून वाचले. जवळजवळ प्रत्येकात परत यायचं आहे असं होतं.

तो अर्ज त्यांनी दिला नाही. बऱ्याच महिन्यांनी दुसरा दिला, मोजक्या आठवड्यांच्या कामासाठी. आणि या वेळी जायच्या आधीच दोघांनी बसून ठरवलं, की परतल्यावर कोणतं काम कोणाकडे राहील आणि सासूबाई पडल्या तर कळवायचं की नाही. त्यावर जोरदार भांडणही झालं म्हणे. कळवायचं, असं ठरलं.