जलपरीची शेपटी आणि ‘पोहण्यायोग्य’ या शब्दाची जबाबदारी

प्रश्न : माझ्या बहिणीच्या दोन मुलींसाठी (वय 8 आणि 5) मी जलपरीच्या दोन शेपट्या ऑनलाइन मागवल्या. विक्रीच्या पानावर ‘पोहण्यायोग्य, वय 4 ते 8 वर्षे’ असे लिहिले होते. मोठीला शेपटी जमली. धाकटी मात्र छातीएवढ्या पाण्यात उतरताच तिचे पाय वर आले, तोंड पाण्याखाली गेले आणि तिला उभेच राहता येईना. तिची आई काठावर तीन-चार पावलांवर होती. तिने उडी मारून तिला बाहेर काढले, तेव्हाही टाचेचा पट्टा सुटत नव्हता. नाकातोंडात पाणी गेले, दोन दिवस खोकला होता, डॉक्टरांना दाखवले. आता ती बरी आहे. विक्रेता म्हणतो की शेपटी वापरात न घेणारे तुम्ही ग्राहकच नाही, भिजलेला माल परत घेतला जात नाही आणि ‘प्रौढ व्यक्तीने पाण्यात हाताच्या अंतरावर असावे’ ही सूचना माहितीपत्रकात होती. ते पत्रक आम्हाला घटनेनंतर फिनच्या (टोकाच्या रुंद पंख्याच्या) कप्प्यात घडी घातलेले सापडले. मेहुणे म्हणतात, ‘ही वस्तू तुम्ही आणलीत.’ दोष माझा आहे का? पैसे परत मिळतील का? धाकटी अजूनही शेपटी मागते. दुसरी घ्यावी का आणि काय पाहून घ्यावी?

उत्तर : ताई, आपल्या पत्रातील ‘दोष माझा आहे का?’ ही ओळ मी पुन्हा वाचली, म्हणून आधी तिचेच उत्तर देतो. विक्रेत्याने वय लिहून ‘पोहण्यायोग्य’ म्हणून विकलेली वस्तू त्याच वयाच्या मुलीला भेट देणे हा कायद्याच्या दृष्टीने निष्काळजीपणा ठरत नाही. वस्तूत धोका आहे हे ठाऊक असूनही आपण तो लपवला असता तर गोष्ट वेगळी होती. आपल्याला तो ठाऊक नव्हता आणि ज्याला ठाऊक असायला हवा होता त्याने तो कप्प्यात घडी घालून ठेवला. मेहुण्यांचा राग मी समजू शकतो, कारण लेकीचे तोंड पाण्याखाली गेलेले त्यांना विसरता येणार नाही, पण तो राग चुकीच्या माणसावर निघतो आहे.

आता विक्रेत्याच्या तीन सबबी. ‘आपण ग्राहक नाही’ ही पहिली सबब ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 पुढे टिकत नाही. कलम 2(7) मधील व्याख्येनुसार मोबदला देऊन वस्तू विकत घेणारी व्यक्ती ग्राहक असतेच, शिवाय तिच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक असते. म्हणजे आपण खरेदीदार म्हणून आणि भाची वापरणारी म्हणून, दोघीही ग्राहक आहात. भाची कायद्याने अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील असल्यामुळे तिच्या वतीने आई किंवा वडील तक्रार करू शकतात. माझा आग्रह असा राहील की तक्रार आपल्या एकट्याच्या नावाने न करता बहिणीसह संयुक्तपणे करावी, कारण पैशांचा परतावा आपल्याशी जोडलेला आहे, तर मुलीला झालेला त्रास आणि औषधोपचार यांची भरपाई तिच्या पालकांनी मागणे सरळ ठरते.

दुसरी सबब भिजलेल्या मालाची. पोहण्यासाठी विकलेल्या वस्तूतील दोष पाण्यात उतरल्याशिवाय कळणार कसा? सदोष माल परत घेण्यास व पैसे परत करण्यास नकार देणे ही कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत, आणि लिहिलेली नसेल तर 30 दिवस, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आवडले नाही म्हणून वस्तू परत करणे आणि सदोष म्हणून परत करणे यांत कायदा फरक करतो, आणि विक्रेते बहुधा हा फरक पुसून उत्तर देतात. म्हणून आपल्या पत्रव्यवहारात ‘रिटर्न’ हा मोघम शब्द टाळावा आणि ‘वस्तू सदोष असल्याने परतावा’ असेच प्रत्येक वेळी लिहावे.

तिसरी सबब मात्र गंभीरपणे घ्यावी लागेल, कारण खरा वाद तेथेच होईल. यासाठी ही वस्तू पाण्यात काय करते ते नीट समजून घ्यावे लागते. कापडी शेपटीच्या टोकाला मोनोफिन, म्हणजे दोन्ही पावले एकत्र अडकवणारा एकच रुंद पंखा असतो. एरवी पाण्यात तोल गेला की मूल एक पाय मागे टाकून सावरते किंवा पाय आळीपाळीने मारून वर येते. शेपटीत हे दोन्ही मार्ग बंद होतात. उरते ती डॉल्फिन किक, म्हणजे पोटापासून पायांपर्यंत सगळे अंग एका लाटेसारखे हलवण्याची क्रिया, आणि ती पाच वर्षांच्या मुलाला न शिकवता येत नाही. त्यात पंखा तरंगणाऱ्या पदार्थाचा असेल तर पाय वर ढकलले जातात आणि डोके खाली जाते. धाकटीच्या बाबतीत नेमके हेच झाले. छातीएवढे पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा आपल्या सर्वांच्या मनातला हिशेब पाय मोकळे असतील तेव्हाचा आहे. कॅनडातील एडमंटन शहराने 2015 मध्ये आपल्या सार्वजनिक तरणतलावांत अशा शेपट्यांना बंदी घातली होती, यावरून हा धोका या व्यवसायातील लोकांना नवा नाही हे दिसून येते.

कायद्याचा भाग येथे जुळतो. अधिनियमाचे प्रकरण 6, कलम 82 ते 87, उत्पादन दायित्वाविषयी, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीविषयी आहे. कलम 84 नुसार वस्तूच्या रचनेत दोष असेल, ती दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे नसेल, किंवा हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना वा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा तिच्यासोबत नसेल, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. आणि हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता असे त्याने सिद्ध केले तरी स्पष्ट हमीपुरती त्याची सुटका होत नाही. ‘पोहण्यायोग्य, वय 4 ते 8’ ही माझ्या मते स्पष्ट हमीच आहे. पट्टा आईलाही चटकन सुटला नाही, हा रचनेतील दोषाचा मुद्दा. आणि ज्या सूचनेवर मुलाचा जीव अवलंबून आहे ती विक्रीच्या पानावर न देता फिनच्या कप्प्यात ठेवणे, याला ‘पुरेशी सूचना’ म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद मी पूर्ण विश्वासाने करेन.

समोरची बाजू कलम 87 दाखवील. हानीच्या वेळी वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध दावा चालत नाही, आणि जो धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला आहे त्याचा इशारा दिला नाही म्हणून उत्पादक जबाबदार ठरत नाही, अशी तरतूद त्यात आहे. गैरवापराचा मुद्दा येथे लंगडा आहे, कारण सांगितलेल्या वयाच्या मुलीने सांगितलेल्या कामासाठीच शेपटी वापरली. ‘लहान मूल पाण्यात एकटे सोडू नये हे कोणालाही कळते’ हा मुद्दा मात्र ते मांडणारच, आणि आई पाण्यात नसून काठावर होती ही वस्तुस्थिती लपवू नये. तक्रारीत आपणच ती मांडावी आणि पुढे लिहावे की मूल पाण्यात असताना लक्ष ठेवावे हे सर्वांना कळते, पण पाय बांधले गेल्यावर उथळ पाण्यातही मूल उभे राहू शकत नाही हे पालकाला सहज कळण्यासारखे नाही. आईने काही क्षणांत मुलीला बाहेर काढले, हेही त्याच परिच्छेदात यावे.

खोक्यावर उत्पादकाचे नाव सापडले नाही असे आपण पुढे कळवले आहे. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदार यांचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे. ते नसल्याने आपली बाजू दुबळी होत नाही. उलट, उत्पादक कोण हे कळत नसेल तर कलम 86 खाली विक्रेत्यालाच जबाबदार धरता येते. विक्रीच्या संकेतस्थळालाही प्रतिपक्ष म्हणून सामील करावे, कारण आपली जबाबदारी कुठवर आहे हे त्याने ग्राहक आयोगापुढे येऊन सांगितलेले बरे.

आपण शेपटीवर आयएसआय चिन्ह असायला हवे होते का, असेही विचारले आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून हे चिन्ह सक्तीचे आहे. परंतु खोल पाण्यात वापरायची साधने आणि पोहणे शिकण्याची साधने खेळण्यांच्या सुरक्षा मानकाच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत, त्यामुळे शेपटी खेळणे की क्रीडासाधन, हा वाद विक्रेता घालू शकतो. पानावर ती ‘खेळणी’ या विभागात विकली जात असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आपल्याला उपयोगी पडेल, पण सगळी तक्रार या एका चिन्हावर उभी करू नये.

पुराव्याबाबत मी कठोरपणे सांगतो, कारण चांगली प्रकरणे येथेच बुडतात. विक्रीचे पान आजच, तारीख व पत्ता दिसेल अशा रीतीने साठवून ठेवा. वयाची ओळ उद्या बदलली जाऊ शकते. असे इलेक्ट्रॉनिक पुरावे सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे. धाकटीची शेपटी धुऊ नका, पट्टा दुरुस्त करू नका, ती कोणालाही देऊ नका आणि परतावा हातात येण्यापूर्वी विक्रेत्याकडे पाठवू नका; दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पत्रक ज्या घडीत सापडले त्याच घडीत कप्प्यात ठेवून छायाचित्र घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची बिले जोडा.

आधी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण दिले पाहिजे. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करता येते. अशी बरीच प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. वस्तूसाठी दिलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही आवश्यक नाही. भरपाईबद्दल मी मोठी आशा दाखवणार नाही: मूल दोन दिवसांत बरे झाले आहे, त्यामुळे परतावा, औषधोपचाराचा खर्च, मानसिक त्रासाबद्दल माफक रक्कम आणि तक्रारीचा खर्च एवढेच मागावे. फुगवलेला आकडा खऱ्या तक्रारीचे वजन कमी करतो. मला स्वतःला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार जावी, कारण दिशाभूल करणारी जाहिरात थांबवण्याचा आणि धोकादायक माल बाजारातून परत मागवण्याचा आदेश ते देऊ शकते. ही वयाची ओळ वाचून आज आणखी कोणीतरी चार वर्षांच्या मुलासाठी शेपटी मागवत असेल.

राहिला आपला खरेदीचा प्रश्न. धाकटीसाठी सध्या पोहण्याची शेपटी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जे मूल आधाराशिवाय साधारण 25 मीटर पोहते, पाण्यात पोटावरून पाठीवर वळते, पाठीवर तरंगत शांत राहते आणि तोंडावर पाणी आले तरी घाबरत नाही, त्याच मुलाचा या वस्तूसाठी विचार करावा. खोक्यावरचे वय त्यानंतर पाहावे. दंडाला फुगे बांधून ही उणीव भरून निघत नाही.

पुढे कधी घ्याल तेव्हा ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी घेऊ नका, हे मी मुद्दाम सांगतो, कारण फ्रॉक घेताना आपण जे शहाणपण वापरतो तेच येथे घातक ठरते. जास्तीचे कापड घोट्यापाशी गोळा होते, पाऊल फिनमधून अर्धे निसटते आणि अर्धे अडकते. पावलांचे कप्पे बुटाच्या मापाने जुळावेत, कमरेला कापड घट्ट काचू नये आणि पंखा मुलाच्या शक्तीला पेलेल इतका लवचीक असावा. फिन नसलेली नुसती कापडी शेपटी पाय बांधते पण पाणी कापायला काहीच देत नाही. ती काठावर बसून फोटो काढण्यापुरतीच ठेवावी. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुटका: मुलाने कोणाच्याही मदतीशिवाय, पट्टे वा चेन न शोधता, पाय ओढून बाहेर आले पाहिजे. ही परीक्षा आधी घरी जमिनीवर कोरड्या शेपटीने घ्या, मग कापड ओले करून घ्या, कारण ओले कापड अंगाला चिकटते आणि तीच सुटका अवघड होते. त्यानंतरच, प्रौढ व्यक्ती पाण्यात शेजारी उभी असताना, कमरेएवढ्या पाण्यात घ्या. शेपटी पाण्याच्या कडेला बसूनच घालावी, ती घालून चालायला किंवा उड्या मारायला देऊ नये. तरणतलावाचा नियम आधी विचारावा. चालकाला अशा शेपट्यांना मनाई करण्याचा अधिकार आहे आणि त्याच्या नियमाविरुद्ध वापर केला तर आपलीच बाजू पडते.

मोठीची शेपटी त्याच विक्रेत्याची आहे, म्हणून तिला ती जमते म्हणून निर्धास्त राहू नका. तिच्याही टाचेचा पट्टा तसाच आहे. वरील सुटकेच्या परीक्षेत ती उतरेपर्यंत शेपटी कपाटात ठेवावी आणि तक्रारीत दोन्ही शेपट्यांचा उल्लेख करावा. बहिणीने घटनेचा तपशील आठवेल तसा, पाण्याची खोली, आपण कोठे उभे होतो आणि पट्टा कसा अडकला हे सांगून, या आठवड्यातच स्वतःच्या हाताने लिहून त्यावर तारीख व सही करावी. महिन्याभराने हेच तपशील इतके स्वच्छ आठवत नाहीत.