आयर्लंडचा मध्ययुगातला राजा ब्रायन बोरू याचं घराणं हेच तिथल्या क्लेअर काउंटीतलं सगळ्यात जुनं राजघराणं का?

नाही. त्यांच्या आधी तिथे कोर्कु म्रुआद नावाचं कूळ होतं. वायव्येचा बरेनचा खडकाळ पट्टा आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यांचा. त्या भागाचं कॉर्कमरो हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढे बरेनमध्ये ओ'लॉक्लन आणि खालच्या भागात ओ'कॉनर अशा त्यांच्या दोन शाखा झाल्या. (आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कॉनॉट प्रांताचे राजे ओ'कॉनर वेगळे. फक्त आडनाव एक.)

ब्रायनचं कूळ डाल गॅश. हे लोक मूळचे डेशी, म्हणजे दुसऱ्यांना खंडणी देणाऱ्यांतले. शॅनन नदी ओलांडून ते क्लेअरमध्ये पसरले आणि दहाव्या शतकात एकदम वर आले. ९७६ मध्ये भाऊ महोन मारला गेल्यावर ब्रायन गादीवर बसला, १००२ मध्ये अख्ख्या आयर्लंडचा राजा झाला आणि १०१४ च्या क्लॉनटार्फच्या लढाईत पडला. मला यातली सगळ्यात गमतीची वाटते ती त्यांची वंशावळ. मन्स्टरवर, म्हणजे आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या प्रांतावर, पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणारे ओगनाख्त हे आपले चुलतभाऊ, असं तीत दाखवलंय. त्यासाठी ओगनाख्तांचा मूळपुरुष ओगन याच्या शेजारी कॉर्मॅक कॅस नावाचा एक भाऊ आणून बसवला. राज्य आधी आलं, पूर्वज मागाहून सापडले!

राज्यारोहण क्विन गावाजवळ मॉय आयरच्या टेकाडावर, एका पवित्र झाडापाशी व्हायचं. ९८२ मध्ये प्रतिस्पर्धी राजा मेल शेखनलने ते झाडच तोडलं. शत्रूला डिवचायचं तर वार कुठे करावा, हे त्याला बरोबर कळत होतं. पुढच्या काळात तिथे नव्या राजाला गादीवर बसवण्याचा मान मॅकनमारा घराण्याचा असे.

ब्रायनचे वंशज ते ओ'ब्रायन. गादी थोरल्या मुलालाच मिळेल असा नियम नव्हता, भाऊ-पुतणेही हक्कदार, त्यामुळे भाऊबंदकी कायमची. तिचा फायदा घेऊन थॉमस डी क्लेअर हा अँग्लो-नॉर्मन सरदार आत शिरला. ज्या ब्रायन रुआ ओ'ब्रायनने त्याची मदत घेतली, त्यालाच त्याने १२७७ मध्ये ठार केलं. पण १० मे १३१८ ला डायसर्ट ओ'डीच्या लढाईत थॉमसचा मुलगा रिचर्ड पडला आणि ते घराणं तिथून उखडलं गेलं. ओ'ब्रायन टिकले. १५४३ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीपुढे मान तुकवून मरो ओ'ब्रायनने राजेपद सोडलं आणि तो थोमंडचा, म्हणजे ओ'ब्रायनांच्याच मुलखाचा, अर्ल (इंग्रजी सरदार) झाला.

काउंटीचं नाव मात्र डी क्लेअरवरून आलं असं बरेचजण सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नका. ते 'क्लार' या आयरिश शब्दावरून आलं असं मानतात. क्लार म्हणजे फळी. फर्गस नदीवर फळ्यांचा पूल होता, तिथल्या गावाला ते नाव पडलं आणि गावावरून काउंटीला.