‘निगेटिव्ह’ अहवालावर सही करण्याआधी

नाशिक

चि. नव्या सहकाऱ्यास,

अनेक आशीर्वाद. प्रयोगशाळेच्या प्राणीगृहाचं काम हाती आलं की उंदरांच्या जंतुसंसर्गाच्या तिमाही तपासणीचा अहवाल बहुधा ‘सगळं निगेटिव्ह’ असाच येईल. सही करण्याआधी एवढं विचार: किती उंदीर तपासले, कोणत्या स्ट्रेनचे (वाणाचे) आणि कोणत्या चाचणीने?

खोलीतल्या 30 टक्के उंदरांना लागण असेल, तर 9 उंदीर तपासून एक तरी सापडण्याची शक्यता 95 टक्के असते. लागण 5 टक्केच असेल तर 59 उंदीर लागतात. तेवढे कोणी देत नाही, म्हणून सेंटिनेल, म्हणजे पहारेकरी म्हणून ठेवलेले निरोगी उंदीर ठेवतात. दर वेळी पिंजरे बदलताना प्रत्येक पिंजऱ्यातलं चमचाभर वापरलेलं बेडिंग (पिंजऱ्यातला भुसा) त्यांच्या पिंजऱ्यात टाकायचं, निदान 8 आठवडे. लागणीनंतर प्रतिपिंडं दिसायलाच 10 ते 14 दिवस जातात, त्यामुळे घाई करून रक्त काढण्यात अर्थ नाही. एमएचव्ही (उंदरांचा हिपॅटायटिस विषाणू) आणि पार्व्हो विषाणू विष्ठेतून जातात, ते या मार्गाने सापडतात. सेंडाई हा श्वसनमार्गाचा विषाणू आणि अंगावरचे माइट (बारीक कीटकासारखे परजीवी) बेडिंगमधून नीट पोचत नाहीत; त्यांच्यासाठी मूळ उंदरांचेच नमुने घे. न्यूड उंदीर (बिनकेसांचे, प्रतिकारशक्ती अपुरी असलेले) प्रतिपिंडं नीट बनवत नाहीत, त्यांच्या सीरमवर (रक्तातल्या द्रवावर) तर विसंबूच नकोस, तिथे पीसीआर, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी.

पिनवर्म या आतड्यातल्या कृमींसाठी उंदराच्या गुदद्वाराला पारदर्शक टेप चिकटवून ती काचपट्टीवर लाव. त्यांतल्या सिफेशिया या जातीची अंडी केळ्यासारखी, एका बाजूने चपटी दिसतात. ॲस्पिक्युल्युरिस या दुसऱ्या जातीची अंडी मात्र टेपवर येत नाहीत, त्यासाठी विष्ठाच तपासावी लागते. बरीच प्राणीगृहं इथेच फसतात.

आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरचे उंदीर आडोसा शोधत आत शिरतात. खाद्याचं पोतं कुरतडलेलं दिसलं तर वरचं काढून खालचं वापरू नकोस, अख्खं पोतं टाक. बेडिंगच्या पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) ठासून भरल्या की मधला भाग 121 अंशांपर्यंत जातच नाही. हातमोज्यांवर 70 टक्के अल्कोहोल मारलं तरी पार्व्हो विषाणू आणि टायझर रोगाच्या जिवाणूचे बीजाणू मरत नाहीत. आधी घाण धुऊन मग हायपोक्लोराइट.



एलायझात (सीरममधली प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीत) एमएचव्ही पॉझिटिव्ह आला तर लगेच खोली रिकामी करू नकोस. तेच सीरम आयएफएने (प्रतिपिंडं चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या दुसऱ्या चाचणीने) पुन्हा तपासून घे. पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून एलायझा खोटी ठरत नाही. धडधाकट उंदीर काही आठवड्यांत विषाणू संपवतो, प्रतिपिंडं राहतात. निकाल लागेपर्यंत त्या खोलीतलं पिल्लू, पिंजरा, अगदी झाडूसुद्धा बाहेर जाऊ देऊ नकोस.