ठाणं खरंच बंदर होतं का? मग समुद्र कुठेय?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी ठाण्यात येऊन तीन महिने झाले, जो तो म्हणतो हे जुनं बंदर, पण समुद्र काही दिसला नाही. मग बंदर होतं कुठे आणि आता त्यातलं बघण्यासारखं काय उरलंय?

बंदर होतं आणि चांगलं नावाजलेलं होतं. फक्त ते समुद्रावर नाही, खाडीवर होतं. शिडाच्या गलबतांना उघड्या किनाऱ्यापेक्षा खाडीच बरी: वाऱ्याला आडोसा, भरतीबरोबर आत यायचं, ओहोटीबरोबर बाहेर पडायचं. ठाण्याला तर दोन वाटा होत्या, दक्षिणेला मुंबईच्या बाजूने आणि उत्तरेला घोडबंदरावरून वसईकडे.

इ.स. 636 च्या सुमारास अरबांच्या आरमाराने इथे स्वारी केली, म्हणजे तेव्हाच ठाण्याचं नाव दूरवर गेलेलं होतं. पुढे शिलाहार राजघराण्याच्या काळात श्रीस्थानक म्हणून याला राजधानीचा मान मिळाला. 1787 साली इथे पाया खणताना त्यांचा राजा अरिकेसरी याचा 1017 सालचा ताम्रपट निघाला. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याबद्दल लिहिलं, त्यात कातडं, सुती कापड आणि ऊद इथून बाहेर जातात आणि घोडे बाहेरून येतात असं आहे. इथल्या राजाने चाच्यांशी करारच केला होता म्हणे: लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल तुमचा! घोडबंदर हे नाव घोड्यांच्या याच व्यापारावरून पडलं असं मानतात.

मग जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागू लागलं आणि ते मुंबईला होतं. 16 एप्रिल 1853 ला पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढे माल रुळांवर चढला आणि खाडी मागे पडली.

आता बघायचं काय? मी चेंदणी कोळीवाड्याच्या शेजारी वाढलो, त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, पण सुरुवात तिथूनच करा. ठाणे पूर्वेला उतरून मीठबंदर रोडने चालत खाडीपर्यंत जा. या रस्त्याच्या नावातच जुना धंदा आहे, कारण खाडीकाठच्या मिठागरांतलं मीठ होड्यांनी जायचं. ओहोटीला गेलात तर तिवरांच्या मुळांशी चिखलात निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे, टुणकन उड्या मारताना दिसतील. लहानपणी त्या बघत आम्ही तासन् तास उभे राहायचो आणि चपला चिखलात रुतल्या म्हणून घरी ओरडा खायचो. आज त्याच चिखलात प्लास्टिक अडकलेलं दिसतं आणि जीव तुटतो.

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतला, 1774 च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. आता तिथे कारागृह आहे, त्यामुळे तटबंदी बाहेरूनच बघावी लागते. तिथे उभं राहिलं की मला त्रिंबकजी डेंगळे आठवतात. पेशव्यांचे हे कारभारी इथे कैदेत होते आणि 1816 मध्ये निसटले. खिडकीखाली एक मोतद्दार घोडा खरारताना मराठीत गाणी म्हणायचा, त्यातच पळण्याचा बेत सांगितलेला होता आणि गोऱ्या पहारेकऱ्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही, अशी कथा सांगतात. ठाण्याची इतकी आपली गोष्ट दुसरी नाही.

मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराच्या देवळात दर्शन घ्या, शिवलिंग एवढं मोठं आहे की बघतच राहाल. पण एक सकाळ खाडीसाठीच राखून ठेवा. नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो असतात. 2015 मध्ये इथे त्यांचं अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता मिळाली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. बोटीची वेळ भरतीवर ठरते, तेव्हा निघण्याआधी ती विचारून घ्या आणि टोपी न्या, पाण्यावर ऊन फार लागतं.