उरलेली पाच टक्के जलपर्णी

वाचक विचारतात

नागपुरातल्या तलावांवर पसरणाऱ्या वनस्पतींबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. कुणी जलकुंभी लिहिलं आहे, कुणी इकॉर्निया. वनस्पती एकच, म्हणून खाली सगळीकडे जलपर्णी म्हटलं आहे.

प्रश्न : आमच्या तलाव समितीने मार्चमध्ये लागोपाठ दोन रविवारी शंभरेक माणसं लावून तलाव साफ केला. पाणी आरशासारखं दिसत होतं. पोळ्यापर्यंत निम्मा तलाव पुन्हा हिरवा. आमचं चुकलं कुठे? (एक वाचक, दक्षिण-पश्चिम नागपूर)

उत्तर : मेहनत कमी पडली नाही. ती उशिरा झाली आणि दुसऱ्या रविवारी संपली, एवढंच चुकलं.

आधी उरलेल्या झाडांचा हिशेब बघा. जलपर्णी बियांपेक्षा जास्त वाढते ती आडव्या दांड्यांनी. प्रत्येक रोप पाण्यावर दांडा सोडतं आणि दांड्याच्या टोकाला पिल्लू धरतं. उबदार, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात तिचा पसारा एक-दोन आठवड्यांत दुप्पट होतो. बारा दिवस धरा. तलावाच्या पाच टक्के भागावर ती राहिली असेल, तर बारा दिवसांनी दहा टक्के, मग वीस, चाळीस, ऐंशी. म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांत मोहीम धुऊन निघाली. पाच टक्के राहिली हे काठावरून दिसतही नाही, कारण ती बेशरमच्या बुडाशी, पाणकणसात, नाल्याच्या तोंडाशी आणि सांडव्याच्या कोपऱ्यात दडलेली असते.

तुमच्याकडे ती दीड महिन्यात न परतता पोळ्याला परतली, याचं कारण मे महिना. पाणी आटतं, ऊन तिची पानं जाळतं आणि वाढ मंदावते. पण त्याच वेळी दुसरी तयारी चालू असते. जलपर्णीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं, आणि उगवायला त्याला उथळ कोमट पाणी किंवा उघडा ओला चिखल लागतो. उन्हाळ्यात काठ उघडा पडतो, मृगाच्या सरी पडतात, आणि बी उगवतं. ही बाळरोपं भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. पानं अरुंद, पट्टीसारखी. देठाला ओळखीचा फुगा नाही. मूळ चिखलात रुतलेलं. गवत समजून लोक ती सोडून देतात. पाणी चढलं की ती सुटून तरंगू लागतात.

पुढच्या वर्षी मोठी उपसणी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत करा. थंडीत तिची वाढ मंद असते आणि तलावात पाणी पुरेसं असतं, त्यामुळे तिचे थर दोरीने ओढत काठापर्यंत आणता येतात. एप्रिल-मेमध्ये तेच थर चिखलावर बसतात. तिथे ना डोंगा जात, ना माणूस. यंत्र उतरवलं तर रुततं.

मार्च ते ऑक्टोबर दर दहा दिवसांनी सहा-आठ माणसं, एक डोंगा आणि दोन तास, एवढं राखा. वर सांगितलेल्या जागा ठरवून तपासा आणि रोप दांड्यासकट उचला. देठ तुटून आलं आणि मुळाजवळचा गड्डा पाण्यात राहिला, तर तो पुन्हा फुटतो. जून-जुलैच्या दोन फेऱ्या फक्त चिखलातल्या बाळरोपांसाठी ठेवा. शंभर माणसांच्या रविवारचे फोटो छान येतात, पण तलाव राखतात ती ही सहा-आठ माणसं.

प्रश्न : काम किती आहे याचा अंदाज कसा घ्यायचा? कंत्राटदार एकरी रक्कम सांगतो, ती खरी की खोटी कळत नाही. (तलाव समितीचे सदस्य, पश्चिम नागपूर)

उत्तर : एकरी रक्कम मान्य करण्याआधी वजन करा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे एक-एक मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो घ्या. तिन्ही बाजू जोडून चौकट दाट जलपर्णीत आडवी सरकवा आणि चौथा पाइप नंतर बसवा. पूर्ण चौकट वरून टाकली तर ती पानांवरच बसते. ज्या रोपाचा गड्डा चौकटीत, ते मोजायचं. बाहेरचं पान आत झुकलं असेल तर सोडायचं. भोकं पाडलेल्या घमेल्यात पाच मिनिटं निथळू द्या आणि लटकत्या काट्यावर तोला. किमान दहा जागी हे करा, आणि दाट व विरळ जागांची सरासरी वेगवेगळी काढा.

दाट थराला चौरस मीटरमागे २५ किलो भरले, तर एकरी साधारण १०० टन होतात. एक ब्रासच्या ट्रॉलीत ताजी, मोकळी जलपर्णी जेमतेम पाऊण टन मावते, कारण तिच्या देठात हवाच जास्त. म्हणजे एका एकराला १३० च्या आसपास खेपा. तीच दोन दिवस काठावर सुकवून, तुडवून भरली तर खेपा निम्म्यावर येतात. कंत्राट खेपांवर असेल तर ताजी भरण्यात कुणाचा फायदा आहे हे सांगायला नको. पहिली आणि दहावी ट्रॉली धर्मकाट्यावर नेऊन बघा.

यंत्राबद्दल एक सूचना. पोकलेनचा हात काठापासून आठ-नऊ मीटरच पोचतो, जेसीबीचा त्याहून कमी. मधला सगळा थर डोंग्यांनी किंवा दोरीने त्या पट्ट्यात आणून द्यावा लागतो, तेव्हा माणसं लागतातच. आणि यंत्र मातीच्या पाळीवर चढवू नका. पाळीचे दगड सुटले तर दुरुस्ती जलपर्णीपेक्षा महाग पडते. उतरण्याची जागा पाळीपासून दूर, कठीण मुरूम असलेल्या काठावर ठरवा आणि ज्या खात्याचा तलाव आहे त्याची लेखी परवानगी घ्या. तलाव मासेमारीच्या ठेक्यावर असेल तर ढिवर बांधवांच्या संस्थेशी आधी बोला. कोणत्या कोपऱ्यात थर साचतो आणि गाळ कुठे कमरेएवढा आहे, हे त्यांना माहीत असतं. त्यांची जाळी फाडून केलेली सफाई पुढच्या वर्षी होत नाही.

प्रश्न : जलपर्णी एका जागी अडवून धरणारा तरंगता अडसर घरच्या घरी करता येतो का?

उत्तर : येतो. चार इंची पीव्हीसी पाइपचे दहा फुटी तुकडे घ्या, दोन्ही टोकांना कॅप सॉल्व्हंटने चिकटवा आणि १२ मिलिमीटरच्या नायलॉन दोरीला ओळीने बांधा. खाली दीड फूट जुनं मासेमारीचं जाळं सोडा आणि त्याच्या कडेला वजनं लावा. जाळं नसेल तर वाऱ्याच्या दाबाने रोपं पाइपखालून सरकतात.

बिघाड बहुतेक दोन ठिकाणी होतो. दोरी ताणून बांधलेली असते. पावसाळ्यात पाणी दीड-दोन मीटर चढलं की अडसर पाण्याखाली ओढला जातो. म्हणून काठावर उभा लोखंडी पाइप रोवा आणि दोरी त्यावर वर-खाली सरकणाऱ्या कडीला बांधा. दुसरं, पन्नास मीटरचा सलग अडसर. वाऱ्याने रेटलेल्या थराचं वजन त्याला पेलत नाही. पंधरा मीटरचे तुकडे करा आणि प्रत्येक जोडाला नांगर टाका.

सांडव्याजवळ मात्र अडसर लावू नका, आणि जलपर्णीचा थरही साचू देऊ नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलावाचं पाणी खालच्या वस्त्यांत शिरलं, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. त्या पुराची कारणं अनेक होती. पण सांडव्याचं तोंड मोकळं ठेवणं हे आपल्या हातातलं काम आहे, आणि ते मे अखेरीस झालं पाहिजे.

प्रश्न : वरून फवारणी केली तर आठ दिवसांत सगळी मरते असं सांगतात.

उत्तर : मरते आणि तळाशी जाते. एकरी शंभर टन पाला पाण्यात कुजला की विरघळलेला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. त्यातून सुटलेलं नत्र-स्फुरद पुढच्या पिढीला खत म्हणून मिळतं. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक ऑक्टोबर २०२२ पासून अधिकृत कीडनियंत्रण चालकांशिवाय कुणी वापरू नये असा केंद्राचा आदेश आहे. वस्तीतल्या तलावावर हा मार्ग आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : जलपर्णी खाणारे भुंगे कुठे मिळतात? एकदा सोडले की काम झालं का?

उत्तर : निओकेटिना नावाचे, साधारण पाच मिलिमीटरचे भुंगे १९८० च्या दशकात बंगळुरूहून आपल्याकडे सोडले गेले. आपल्याला जवळची संस्था म्हणजे जबलपूरचं तण संशोधन संचालनालय. समितीने आणि तलावाच्या मालक खात्याने मिळून पत्र लिहावं. मात्र आधी पानं तपासा, कारण भुंगे बऱ्याच ठिकाणी आधीच असतात. भुंगा रात्री चरतो आणि पानावर तीन-चार मिलिमीटरचे खरवडल्यासारखे तपकिरी ठिपके सोडतो. अळी देठ पोखरते आणि कोष मुळांत, पाण्याखाली धरते.

या शेवटच्या गोष्टीमुळेच अनेक प्रयोग फसतात. इकडे भुंगे सोडायचे आणि तिकडे महिन्याभरात पोकलेनने सगळा थर कोषांसकट बाहेर काढायचा! दोन्ही करायचं असेल तर एका कोपऱ्यात अडसर घालून थोडी जलपर्णी भुंग्यांसाठी राखून ठेवा. फळ दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, थंडीत भुंगे सुस्तावतात, आणि भरपूर सांडपाणी येत असेल तर खाण्यापेक्षा वाढ पुढे पळते.

सारणीच्या सातपुडा जलाशयाचं उदाहरण अनेकजण देतात. बैतूल जिल्ह्यातलं ते यश खरं आहे, पण तिथली वनस्पती साल्व्हिनिया होती आणि भुंगाही वेगळा, फक्त तीच खाणारा. तो जलपर्णीला तोंड लावत नाही.

प्रश्न : गडर लाइनचं पाणी येतंय तोवर सफाई करून उपयोग काय, असं आमच्या बैठकीत दर वेळी कुणीतरी विचारतं.

उत्तर : विचारणाऱ्याचं बरोबर आहे, पण त्याला आकडा द्या. हजार माणसांच्या वस्तीतून दिवसाला सुमारे एक लाख लिटर सांडपाणी निघतं. लिटरमागे ४० मिलिग्रॅम नत्र धरलं तर रोज चार किलो. ताज्या जलपर्णीत ९५ टक्के पाणी आणि सुक्या भागात साधारण दोन टक्के नत्र, म्हणजे एका टनात एक किलो. ते सगळं नत्र तिने घेतलं तर ती एकटी लाइन रोज चार टन जलपर्णी पोसते. प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण महापालिकेकडे अर्ज करताना हा हिशेब जोडा. ‘दुर्गंधी येते’ याच्यापेक्षा तो फाइलमध्ये लवकर वाचला जातो. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी तीनला, पाऊस नसताना नाल्याचा प्रवाह मोजा. सकाळी वाढला तर तो झरा नव्हे, न्हाणीघरांचं पाणी आहे.

नाग नदी हेच पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत नेते आणि ते गोसेखुर्द धरणात पोचतं. भंडाऱ्याकडची माणसं इकॉर्नियाचा विषय निघाला की नागपूरकडे का बघतात, ते यातून कळावं.

प्रश्न : काढलेल्या जलपर्णीचं खत भाजीला चालतं का?

उत्तर : सांडपाण्याच्या तलावातली असेल तर नाही. तिची मुळं शिसं, कॅडमियम, क्रोमियम धरून ठेवतात. प्रयोगशाळेतून तपासून घेतल्याशिवाय ते खत रस्त्याकडेच्या झाडांना किंवा बागेतल्या शोभेच्या झाडांनाच द्या. ढीग दीड मीटर रुंद, एक मीटर उंच करा. दोन दिवस सुकवलेली जलपर्णी, वाळका पाला आणि थोडं शेण असे थर द्या. मूठ दाबली की दोन-चार थेंब यावेत, धार नको. आतलं तापमान तीन दिवस ५५ अंशांवर राहिलं पाहिजे, नाहीतर बी मरत नाही. बाहेरची कड आत येईल अशी पालटणी करा. एका ओल्या टनातून शे-सव्वाशे किलोपेक्षा जास्त खताची आशा धरू नका. आणि ढीग तलावाच्या उतारावर नको. पहिल्या पावसात त्याचा काळा रस परत पाण्यातच जातो.

प्रश्न : आमच्याकडे जलपर्णी गेली, पण आता पाण्याखाली लांब हिरवं शेवाळ दाटलं आहे. डोंग्याच्या वल्ह्याला गुंडाळतं.

उत्तर : वर्णनावरून ते शेवाळ नसून हायड्रिला असावी. वरची सावली गेली, ऊन तळापर्यंत पोचलं, की ती उठते. ही आपल्याकडचीच वनस्पती आहे. थोडी असली तर माशांना आसरा देते, म्हणून मुळापासून संपवण्याच्या मागे लागू नका. एक फांदी उपटून खात्री करा: पेराभोवती चार ते आठ पानं, कडा बोटाला खरबरीत, मुळाशी वाटाण्याहून लहान गाठी.

विळ्याने कापू नका. दोन पेरांचा तुकडाही नवीन झाड होतो, आणि कापणीत असे हजारो तुकडे वाहतात. लांब दांड्याच्या दाताळ्याने बुडापासून ओढा आणि मागे बारीक जाळी धरून तुकडे गोळा करा. फक्त घाट, नौकांची वाट आणि सांडव्याकडचा पट्टा मोकळा ठेवा. गवत्या मासा हायड्रिला आवडीने खातो, जलपर्णी नाही. पण तो परदेशी आहे, पुरात सांडव्यावरून नाल्यात जातो आणि जास्त झाला तर पाणी गढूळ करतो. मत्स्य खात्याला विचारल्याशिवाय सोडू नका.

डोंगा आणि जाळी दुसऱ्या तलावात नेण्याआधी झाडून, धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवा. डोंग्याच्या तळाच्या फळीखाली साचलेलं पाणीही काठावर, तलावापासून दूर ओता. तुकडे बहुतेक तिथेच लपलेले सापडतात.