कॉमर्सवाल्याला हॉस्पिटलात काय काम? असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या करिअर सल्ल्याच्या छोट्या खोलीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो. मॅडम, हॉस्पिटलात काम करायचंय पण नीटची परीक्षा निघाली नाही, किंवा मुळात सायन्सच नाही. घरच्यांच्या हिशेबात हॉस्पिटल म्हणजे डॉक्टर आणि नर्स, बास.

मध्यंतरी कागलकडची एक मुलगी आली (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बी.कॉम. झालेली, सोबत आई. "हिला दवाखान्यातच काम पायजे ओ मॅडम, पण रक्त बघितलं की चक्कर येती." कुणीतरी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, सुचवला होता. तीन वर्षांचा कोर्स, सायन्सला प्राधान्य असलं तरी बाकी शाखांनाही चालतो, म्हणून फॉर्म भरायला निघालेच होते. मी म्हटलं जरा थांबा.

पहिल्या दोन भेटीत ती फक्त हो मॅडम, बरं मॅडम. तिसऱ्या भेटीत कळलं, वडिलांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं आणि हीच घेऊन जाते.

"तिथं चार तास काय करतेस?"

"काही नाही, नुसती बसते."

आई लगेच म्हणाली, "नुसती कुठं गं? सगळ्यांची कागदं तूच बघतीस की."

पुढच्या वेळी ती फाईल घेऊन यायला सांगितली. निळी प्लास्टिकची, कडा झिजलेल्या. प्रत्येक तारखेला डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, बिलं ओळीनं लावलेली, रेशनकार्डाच्या झेरॉक्स वेगळ्या कप्प्यात. आणि मागच्या पानावर बाकीच्या पेशंटची यादी, कुणाचं आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही, कुणाचा कुठला रिपोर्ट राहिलाय. मी बराच वेळ ते पान बघत होते. मग फाईल तिच्यापुढं सरकवली, "या कामाला हॉस्पिटल पगार देतं."

"हे? हे काय काम हाय व्हय?"

त्या क्षणी तिचा चेहरा बदलला तो मला अजून दिसतो. इतक्या वर्षांत मी एवढं शिकले की जे आपल्याला सहज जमतं ते माणूस गुणांत धरतच नाही, म्हणून मी मार्कलिस्ट नंतर बघते, आधी विचारते की कुणी न सांगता, पैसे न घेता तू काय करतोस.

हॉस्पिटलात बिलिंग असतं, विम्याचं टीपीए डेस्क (विमा कंपनीकडून बिलाची मंजुरी आणणारं) असतं, मेडिकल रेकॉर्ड्स असतं, सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात पेशंटला कागदपत्रांत मदत करणारे आरोग्यमित्र बसतात. कॉमर्स, आर्ट्सवाल्यांनी आधी इथं बघा. लोकांचं दुःख ऐकून घ्यायची ताकद असेल तर कुठल्याही डिग्रीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स डिग्री) करून मेडिकल सोशल वर्कर होता येतं. बारावी सायन्स आहे, हात स्थिर आहे, फार बोलायला नको वाटतं, तर लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर टेक्निशियन. पण फी भरायच्या आधी कोर्सला मान्यता आहे का, महाराष्ट्र परावैद्यक (पॅरामेडिकल) परिषदेत नोंदणी होईल का आणि प्रॅक्टिकल नक्की कुठल्या हॉस्पिटलात, हे लेखी घ्या, आणि एक अख्खा दिवस ओपीडीत बसून या, कोणतं टेबल तुम्हाला ओढतं ते बघा.

ती आता एका खाजगी हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर आहे. सुरुवातीचा पगार कमीच, ते मी आधीच सांगितलं होतं. परवा फोन आला, "मॅडम, एका आजोबांच्या कार्डावर नावच वेगळं होतं, संध्याकाळपर्यंत मंजुरी आणली."